मेजाखालची नागली

खैरपाडा, ता. साक्री, जि. धुळे
३ ऑक्टोबर २०२३

प्रिय कुंदा आत्या,

सप्रेम सलाम. फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून लिहूनच विचारतो. शिवाय इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते आणि तिथे कायम कुणीतरी बसलेलं असतं. मला जे विचारायचं आहे ते इतरांच्या कानावर जायला नको.

मी येऊन चार महिने झाले. चर्चची मंडळी लहान आहे, चौदा घरं. माणसं कामसू आहेत, उपासनेला वेळेवर येतात, दशमांशही धान्यात का होईना पण आणून देतात. आबा इथे सोळा वर्षं पाळक होते, हे अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येतं. "तुन्हा आजला", तुझा आजोबा, म्हणून सुरुवात करतात आणि मग मी काही वेगळं केलं की गप्प बसतात. ही त्यांची गप्प बसायची पद्धत मला पहिल्या दिवसापासून खटकते आहे.

आता मुद्दा. गेल्या सोमवारी मंदिरात नवी फरशी बसवायची म्हणून मी प्रभूचा मेज बाजूला ओढला. मेजाखालची एक फरशी हलत होती. उचलली तर खाली वीतभर खोल खड्डा, चारी बाजूंनी सपाट दगड लावलेले. आत नागलीची वाळकी कणसं, भाताच्या लोंब्या, सगळं लाल दोऱ्याने बांधलेलं. त्यावर बाभळीच्या काटक्यांचा बोटभर क्रूस.

मी मगनभाऊंना बोलावलं. ते मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी आहेत, आणि खरं सांगायचं तर माझ्याशी मोकळेपणाने बोलणारे तेवढे एकच. ते बघून म्हणाले, ही कणसरी. कणसरी म्हणजे या डोंगरातल्या लोकांची धान्याची देवी. नवं पीक आलं की आधी तिला, मग पोटाला. मंदिराच्या किल्ल्या तिघांकडे असतात: मी, मगनभाऊ आणि झाडलोट करणारी तानुबाई. मी तानुबाईला विचारलं. ती म्हणाली, "जुनं शे, भाऊ. ऱ्हाऊ दे." आणि झाडू घेऊन बाहेर गेली.

जुनं नाही ते. दोरा नवा आहे.

तू लहानपणी इथे राहिलीस. आबांच्या वेळी असलं काही होतं का? आठवत असेल ते स्पष्ट लिही.

तुझा,
प्रेमराज

◆

पिंप्राळा, जळगाव
११ ऑक्टोबर २०२३

चि. प्रेम,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे तुझं, पण 'उपासना' मधला 'स' अजून तसाच पोट फुगवून बसतो.

इथे सगळं ठीक. कानाचं यंत्र पुन्हा दुरुस्तीला दिलं आहे, त्यामुळे शेजारची हिना दारात येऊन हातवारे करते आणि मी तिला साखर देते, नंतर कळतं की तिला रिक्षा बोलवायची होती. असोद्याहून माझी एक जुनी विद्यार्थिनी भरताची वांगी घेऊन आली होती. तू असतास तर दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्यास.

तू विचारलंस त्याबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं फार नाही. मी अकराबारा वर्षांची असताना आबांनी मला धुळ्याला बोर्डिंगात ठेवलं. मेजाखाली काय होतं नि काय नव्हतं, हे मुलीबाळींना कोण सांगतं? आबा शिस्तीचे होते एवढं तुला ठाऊक आहेच.

माझं ऐकशील तर फरशी होती तशी लावून ठेव. नवी फरशी मेजाच्या अलीकडेपर्यंत बसव. दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर पहिल्याच वर्षी चूल हलवू नये. आणि हे मगनभाऊ कोण, ते तुला एवढं सगळं का सांगतात, याचाही जरा विचार कर. जो दुसऱ्याच्या घरातलं तुझ्याजवळ आणतो, तो तुझ्या घरातलंही कुठेतरी नेत असेल.

तानूला या वयात खोदून विचारू नकोस. तिचे डोळे अजून तसेच घारे आहेत का रे?

आशीर्वाद,
कुंदा आत्या

◆

खैरपाडा
२० ऑक्टोबर २०२३

प्रिय आत्या,

सलाम. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

मी तिला 'तानुबाई' लिहिलं होतं. तू 'तानू' लिहितेस. तिच्या डोळ्यांचा रंग मी लिहिला नव्हता. हो, घारे आहेत. तुला काही आठवत नाही म्हणतेस आणि साठ वर्षांपूर्वीच्या मुलीचे डोळे आठवतात. आत्या, तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस. मला राग नाही, पण मला कळतं आहे एवढं तुला कळावं.

इकडे मला रोज काहीतरी नवं दिसतं. मंदिरात येताना बायका उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला नेतात. मी बघतो आहे असं दिसलं की हात पदराकडे जातो. परवा खळ्यावर मळणी चालली होती. मी बांधाच्या पलीकडे उभा होतो, त्यांना दिसत नव्हतो. तानुबाई गाणं सांगत होती, बाकीच्या मागे म्हणत होत्या. एक ओळ मी तिथेच डायरीत उतरवली: 'येशू राजा डोंगर उतरला, कणसरीमागे चालत आला.' मागे! आत्या, आपला तारणारा एका देवीच्या मागे चालतो, आणि हे गाणाऱ्या बायका रविवारी माझ्या हातून भाकर घेतात.

तू म्हणशील, भोळी माणसं आहेत. मला ती भोळी वाटत नाहीत. भोळा माणूस लपवत नाही. मी जवळ गेलो की त्यांची बोली बदलते. मी समोर नसताना ती माझ्याबद्दल काय बोलत असतील, ते विचारायला मगनभाऊंशिवाय माझ्याजवळ कुणी नाही, आणि तुझ्या पत्रानंतर मी त्यांच्याकडेही जरा निरखून बघतो. पण त्यांनी सांगितलेलं आजवर खोटं निघालं नाही.

५ नोव्हेंबरला कापणीचा सण. पाळकांच्या नेमणुका करणाऱ्या धुळ्याच्या समितीचे दोघे जण येणार आहेत. त्याआधी हे घर स्वच्छ व्हायला हवं. मंडळीची जुनी नोंदवही मी काढली. १९६३ च्या पानावर 'भिकुबाई पुना गावित' हे नाव आडव्या रेघेने खोडलं आहे, खाली आबांची सही आणि शेरा: 'अन्य दैवताच्या पूजेबद्दल.' मगनभाऊ म्हणतात, ती तानुबाईची आई. म्हणजे आबांनी जे केलं तेच मला करायचं आहे. त्यांच्या हातून मूळ राहून गेलं, मी ते उपटतो, इतकंच. २९ तारखेच्या रविवारी मी सगळ्यांसमोर विचारणार.

प्रार्थनेत आठवण ठेव.

प्रेमराज

◆

पिंप्राळा, जळगाव
२६ ऑक्टोबर २०२३

चि. प्रेम,

दसऱ्याच्या सुट्टीमुळे तुझं पत्र मला आज मिळालं. हे स्पीड पोस्टाने टाकायला स्वतः जाते आहे. तुझा फोन तीनदा लावला, लागत नाही.

रविवारी काही करू नकोस. हात जोडून सांगते.

तू जे पान पाहिलंस ते खरं आहे, पण ते शेवटचं पान नाही. भिकुबाईचं नाव आबांनी खोडलं. कुणीतरी तिची टोपली पाहिली होती आणि आबांना सांगितलं होतं. पण पुढे आबांनी स्वतःच्या हाताने ती फरशी उचलून तिथे खड्डा केला. स्वतःच्या हाताने. दरवर्षी पहिली कणसं त्यात ठेवायची, हे तानूला त्यांनीच सांगितलं. तू जे आबांचं राहिलेलं काम म्हणून उपटायला निघाला आहेस, ते आबांनीच लावलेलं आहे.

सगळं सविस्तर लिहीन. मला थोडा वेळ लागेल, कारण काही गोष्टी मी कुणालाच सांगितलेल्या नाहीत. तोवर थांब.

कुंदा आत्या

◆

खैरपाडा
७ नोव्हेंबर २०२३

आत्या,

तुझं पत्र मला ३१ तारखेला, मंगळवारी मिळालं. त्याआधीच जे व्हायचं ते झालं होतं.

२८ तारखेला, शनिवारी दुपारी, मी मंदिराच्या मागच्या खोलीत दार किंचित उघडं ठेवून बसलो होतो. तानुबाई आली. झाडलोट केली. मग मेज सरकवला, फरशी उचलली, जुनी कणसं काढून पदरात घेतली, नवी ठेवली. दोन्ही हात जमिनीला टेकवले, ओठ हलत होते. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी कान देऊन बसलो होतो, तरी नाही.

रविवारी प्रवचन झाल्यावर मी ती नवी जुडी काढून मेजावर ठेवली, भाकर आणि प्याल्याच्या शेजारी. विचारलं, ही कोणाची? कुणी मान वर केली नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तानुबाई उठली. वयाने तिला उठायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे तिच्याकडे बघत होते. म्हणाली, "मनी शे."

मी म्हणालो, दोन मेजांवर जेवता येत नाही. जोवर पश्चात्ताप करत नाही तोवर प्रभुभोजन मिळणार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही. मग डोक्यावरून पदर ओढून चालत बाहेर गेली. जुडी मी मागच्या नाल्यात टाकली.

परवा, ५ तारखेला, कापणीचा सण झाला. धुळ्याचे पाहुणे आले. मंदिरात नऊ पुरुष होते, त्यांत मगनभाऊ. एकही बाई नाही. मेजासमोर धान्याची रास लागते म्हणे दरवर्षी. या वेळी मगनभाऊंची अर्धी गोणी तेवढी होती. पाहुणे मला म्हणाले की काम कठीण आहे पण योग्य आहे. मला बरं वाटायला हवं होतं.

आता तुझ्या पत्राविषयी. मला त्यावर विश्वास ठेवणं जड जातं आहे. आधी तुला काहीच आठवत नव्हतं, पंधरा दिवसांत इतकं आठवलं की आबांनीच खड्डा केला? आबांच्या एकाही अहवालात हे नाही, मी सगळे वाचले आहेत. मला थांबवण्यासाठी तू हे रचलंस का, असं मनात येतं आणि मला त्याची लाज वाटते, पण येतं. 'कुणीतरी सांगितलं होतं' म्हणतेस. कुणी? आणि तुला हे सगळं कसं ठाऊक?

बायका अजून डोंगरावर जाऊन कणसरीला देऊन येत असतील, असं मगनभाऊ म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

प्रेमराज

◆

पिंप्राळा, जळगाव
१३ नोव्हेंबर २०२३

प्रेम,

मी सांगितलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या ओळीत लिहून टाकते, नाहीतर पानभर लिहून पुन्हा टाळेन. आबांना सांगणारी मी होते.

मी अकरा वर्षांची होते, तानू माझ्याच वयाची. आम्ही दिवसभर एकत्र असायचो. ती मोहाच्या बियांचं तेल माझ्या केसांना लावायची, मी तिला पाटीवर अक्षरं काढून द्यायचे. संडे स्कूलला दहा वचनं पाठ करायची होती. तानूला दहाही आली, मला सहा. आबांनी तिला सगळ्यांसमोर जवळ घेऊन शाबासकी दिली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्याच आठवड्यात तानूने मला गुपित दाखवलं होतं: तिची आई, भिकुबाई, पहिल्या नागलीची छोटी टोपली मेजामागे कपड्यात झाकून ठेवायची. तानूने मला शपथ घातली होती. त्या संध्याकाळी जेवताना मी आबांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. तिची शाबासकी कमी व्हावी एवढंच मला हवं होतं.

पुढचं तू पाहिलंस. म्हणजे तू केलंस. आबांनीही टोपली मेजावर ठेवली होती, त्यांनीही विचारलं होतं, भिकुबाईही उठली होती. त्यांनी धान्य कोंबड्यांना टाकलं.

भिकुबाई दुसऱ्या रविवारपासून मंदिराबाहेर मोहाच्या झाडाखाली बसायला लागली. आत यायची नाही. खिडकीतून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायची, आमेनला आमेन म्हणायची, आणि लोक बाहेर पडायच्या आधी उठून जायची. पावसात इरलं पांघरून बसायची. हे तीन वर्षं चाललं. आबा मेजापाशी उभे राहिले की त्यांना खिडकीतून ती समोर दिसायची. त्यांनी एकदाही तिला आत बोलावलं नाही. मी बोर्डिंगातून सुट्टीला आले की मलाही ती दिसायची. मी खिडकीकडे पाठ करून बसायचे.

१९६६ च्या पावसाळ्यात ती तापाने गेली. मी तेव्हा घरी होते. पुना, तिचा नवरा, आधी पाड्यावरच्या भाऊबंदांकडे गेला. ते म्हणाले, ती तुमच्या देवाची, आमच्या मसणवट्यात नको. मग तो मंडळीच्या वडीलजनांकडे आला. ते म्हणाले, नाव खोडलेलं आहे, आमच्या दफनभूमीत नको. ती सकाळी गेली होती; दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरातच होती. पावसाळ्याचे दिवस, तूच समज. शेवटी आबा कुदळ घेऊन एकटे दफनभूमीत गेले आणि खड्डा खणून तिला पुरलं. कुणी मदतीला आलं नाही. आबांच्या हातांना फोड आले होते, मी त्यांना हळद लावली. मला वाटतं, मी सांगितलं म्हणून त्यांनी मला कधी दोष दिला नाही, आणि तेच मला जन्मभर पुरलं.

त्या वर्षी नागली निघाली तेव्हा त्यांनी मेजाखालची फरशी काढून खड्डा केला आणि तानूला बोलावून म्हणाले, आईचं आण. तानू घेऊन आली. आबांनी प्रार्थना केली. मी सुट्टीला आले होते, दारात उभी होते. मला म्हणाले, कुंदा, हे कुणाला सांगायचं नाही. तानूच्या घरासाठी नाही, माझ्यासाठी. वरच्या लोकांना कळलं असतं तर त्यांची नेमणूक गेली असती, म्हणून अहवालात लिहिलं नाही. तू त्यांना भित्रे म्हणशील. मीही म्हणत आले.

भिकुबाईने ती टोपली कणसरीला ठेवली होती की प्रभूला, मला माहीत नाही. आबांनाही माहीत होतं असं मला वाटत नाही. तुला पुरावा हवा असेल तर नोंदवहीत मागे दफनाची पानं असतात, १९६६ बघ. तिथे काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याचाही भरवसा देत नाही.

मी रचत नाही, प्रेम. रचायचं असतं तर स्वतःला एवढं वाईट रचलं नसतं.

कुंदा आत्या

◆

खैरपाडा
२८ नोव्हेंबर २०२३

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम. उत्तराला उशीर केला. तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी काहीच केलं नाही. नोंदवहीसुद्धा उघडली नाही.

मग उघडली. दफनाच्या पानावर नववी नोंद: 'भिकुबाई पुना गावित, सभासद.' त्याच्या तीन वर्षं आधी खोडलेलं नाव पुन्हा कुठेही चढवलेलं नाही. ठराव नाही, तारीख नाही. फक्त तो एक शब्द, आणि त्यावर शाई दोनदा फिरवलेली.

गुरुवारी दुपारी मी तानुबाईच्या घरी गेलो. ती जेवायला बसली होती. ताटात रेशनचा तांदूळ आणि उडदाची पातळ डाळ. मागे कणगी होती, काठोकाठ भरलेली, वरून शेणाने लिंपून बंद केलेली. लिंपण सुकून भेगाळलं होतं, म्हणजे ती उघडलेलीच नव्हती. महिना होऊन गेला पीक घरात येऊन. मी काय बोलायला गेलो होतो ते विसरलो आणि विचारलं की नवी नागली का नाही खाल्ली.

ती म्हणाली, "देवले दिधं नही, मंग कसं खावानं?"

मी विचारलं, कोणत्या देवाला? मला माफ कर आत्या, तिथेही मी हेच विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच बहिरा आहे. म्हणाली, तूच तर दार लावलंस, आता कोणता म्हणून विचारतोस. डोंगरावर द्यायचं असतं तर डोंगर काही लांब नाही, तिथे कुलूपही नसतं.

मी तिथून उठून शेजारच्या घरी गेलो, मग पुढच्या. मगनभाऊंचं सोडून तेरा घरं. सगळीकडे कणग्या बंद. लहान मुलं रेशनचा भात खात होती. एका घरात दळण उधार आणलं होतं, पण स्वतःच्या धान्याला हात लावला नव्हता. इतके दिवस मी डायरीत त्यांची नावं लिहीत होतो की कोण डोंगरावर गेलं असेल, आणि ती सगळी घरं माझ्या मेजाकडे बघत उपाशी नाही पण थांबून होती. मी ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांच्या चुलीवर काय शिजतं, एवढं मला पाच महिन्यांत कळलं नाही.

मी तानुबाईकडे परत गेलो. सरळ सांगितलं की मी चुकलो, रविवारी कणसं घेऊन ये. ती नाही म्हणाली. पुन्हा म्हटलं, तरी नाही. सून मध्ये पडली, तिलाही गप्प केलं. मग शेवटी म्हणाली, "तू काढं. आते तूच ली जाय."

म्हणून रविवारी मीच नेली. तानुबाईच्या घरापासून मंदिरापर्यंत, डोक्यावर टोपली घेऊन, पांढऱ्या झग्यात. मला डोक्यावर ओझं न्यायची सवय नाही, मान लचकली. लोक दारात येऊन उभे राहिले. काही जण हसले. मगनभाऊ त्यांच्या ओट्यावर होते. ते हसले नाहीत. मोबाईल वर धरून फोटो काढला.

मी टोपली मेजाखाली ठेवली. वळून बघतो तर बाकीच्या बायका मागोमाग आत आल्या होत्या, तानुबाई नव्हती. बाहेर मोहाखाली बसली होती. मी दारापर्यंत गेलो, ये म्हणालो. तिने मान हलवली आणि जमिनीवर हात ठेवून दाखवला, की मी इथेच. तुझं पत्र वाचलेलं नसतं तर मला तो हट्ट वाटला असता.

मी भाकर आणि प्याला बाहेर नेला. आधी तिला दिलं. मग बाकीच्या बायका एकेक करून आतून उठून बाहेर आल्या, मागून पुरुष, आणि आम्ही सगळे त्या झाडाखालीच बसलो. गाणंही तेच झालं. येशू कणसरीमागे चालत आला ती ओळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ती म्हटली नाही. पण थांबवलंही नाही. तुला खोटं सांगत नाही, मला अजून ती ओळ गिळवत नाही, आणि ती जुडी टेकवताना तानुबाई मनात कोणाचं नाव घेते हे मला कधीच कळणार नाही. हे न कळता राहायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नाही.

नंतर कणग्या उघडल्या. तानुबाईच्या घरी नागलीची पहिली भाकरी झाली, ती मला दिली. मी तुझं सांगितलं. सगळं नाही, एवढंच की कुंदा आत्याने पत्रात काही लिहिलं आहे. ती चुलीकडे बघत म्हणाली, "माले ठावं शे. कुंदीनीच सांगं व्हतं." मग म्हणाली, "मनी माय मरनी तव्हय कुंदी बी रडनी व्हती. ते बी मी देखं व्हतं." मला भाकरीवर तेल हवं का म्हणून विचारलं.

आता माझं. तो फोटो धुळ्याला पोचला आहे. १२ डिसेंबरला मला समितीपुढे बोलावलं आहे. मगनभाऊ आता माझ्याकडे तसंच बघतात जसं मी दोन महिने तानुबाईकडे बघत होतो: हात कुठे जातो, ओठ हलतात का. मी आबांसारखं अहवालातून वगळणार नाही, एवढं ठरवलं आहे. पण काय सांगायचं ते ठरत नाही. 'तुम्ही मूर्तिपूजेला परवानगी दिली का' असं विचारलं तर मी हो म्हणू की नाही? दोन्ही खोटं वाटतं.

तुझा,
प्रेमराज

◆

पिंप्राळा, जळगाव
३ डिसेंबर २०२३

चि. प्रेम,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल आलं. रात्रभर बरी झोप लागली, या वयात ही सांगण्यासारखी गोष्ट आहे.

१२ तारखेला तू एकटा जाऊ नकोस. मी येते. कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं आहे, ते विचारतील ते मला ऐकू येईल. आबांनी खड्डा केला हे पाहणारी मी एकटीच जिवंत आहे, तानू सोडून. आणि तानूला त्या खुर्च्यांपुढे उभं करायचं नाही. त्यांना कळू दे की हे तुझ्यापासून सुरू झालेलं नाही. भिकुबाईचं कसं झालं तेही मीच सांगेन, कुणी सांगितलं होतं तेही. एकदा आबांच्या ताटापाशी हळूच सांगितलं होतं. आता मोठ्याने सांगते.

तुझी नेमणूक राहील असं मी म्हणत नाही. मला त्या लोकांचा भरवसा नाही. गेली तर जळगावात माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि तुझी अक्षरं अजून सुधारायची आहेत.

मी मात्र आधी खैरपाड्याला येणार. सोमवारी, ११ तारखेला सकाळी जळगावहून धुळ्याची एसटी, तिथून साक्री. साक्रीच्या स्टँडवर तू ये, पुढचा रस्ता मला आता ओळखू येणार नाही.

तानूला आधी सांगून ठेव. न सांगता तिच्या दारात उभं राहायची माझी हिंमत नाही. आणि ती नको म्हणाली तर तसं कळव. मी स्टँडवरूनच तुझ्याबरोबर धुळ्याला येईन, राग मानणार नाही.

आशीर्वाद,
कुंदा